फौज पुढं गेल्यावर

आमच्या घरात शिपाई दोन होते. एक माझे वडील, कलेक्टर कचेरीत घंटी वाजली की उठणारे. दुसरा माझा दादा, फौजेतला. गल्लीला ही गंमत फार आवडायची. तुमच्याकडचा कुठला शिपाई, पाण्याचा ग्लास धरणारा की बंदूक धरणारा, असं कुणीतरी विचारायचं, वडील हसायचे आणि मी चिडायचे. घाबरले की चिडायचं ही माझी जुनी सवय. त्या वर्षी मी जवळजवळ रोजच चिडलेली होते.

लातूर तेव्हा नवा जिल्हा होता. उस्मानाबादपासून वेगळा झाला तेव्हा भाऊ वेगळे निघावेत तशी वाटणी झाली. कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, तशी माणसंही वाटली, आणि वडील लातूरच्या वाट्याला आले. जिल्हा झाल्याचे पेढे त्यांनी स्वतःच्या हातानं कचेरीभर फिरवले होते. आता पावसानं पाठ फिरवली होती, नळाला नुसता वारा येत होता, आणि वडील म्हणायचे की पेढे दिले पण वर पाणी द्यायचं राहिलं. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा. तो यायच्या कितीतरी आधी तिथं घागरी, डबे आणि पत्र्याच्या पिंपांची रांग लागायची. त्या रांगेत आईची घागर आणि खालाची घागर कायम शेजारी शेजारी.

खाला म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी आमची शेजारीण. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला एका गॅरेजात, घरात ती एकटीच. आईपेक्षा बरीच मोठी. आई तिला भाबी म्हणायची, ती आईला बाई म्हणायची, आणि आम्ही दोघं भावंडं खाला. लहानपणी आईचा मार चुकवायला दादा तिच्याच घरात जाऊन लपायचा आणि ती दाराशी उभी राहून खोटं बोलायची.

दादाची बातमी आईनं पाण्याच्या रांगेतच सांगितली. त्याची पलटण लंकेला निघाली होती. रेडिओवर एक नवा शब्द ऐकू येत होता, शांतिसेना. आईला तो शब्द इतका आवडला की ती येणाऱ्याजाणाऱ्याला तो ऐकवत सुटली. शांती हाय म्हणल्यावर लढाई कशाची, असं तिचं म्हणणं. तिथं गरिबांना मारून राहिलेत म्हणं, त्यांना वाचवायला गेलीत पोरं. धान्य वाटतील, दवापाणी करतील, येतील माघारी. रांगेतल्या बायका थट्टेवर आल्या. लंकेला गेलाय तर शेपूट सांभाळ म्हणावं, एक म्हणाली. येताना सोन्याची एखादी वीट आण म्हणावं, दुसरी म्हणाली. आई सगळ्यांबरोबर हसली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मला तेव्हा आठवायला हवी होती, पण मीही हसत होते.

खाला हसली नाही. तिनं विचारलं, "उनकू बुलाया कौन?"

आई म्हणाली, तिथल्या सरकारनं बोलावलं असंल की. खालानं थोडा वेळ आईच्या तोंडाकडं पाहिलं. मग रांगेतली आपली रिकामी घागर उचलली, कडेवर घेतली आणि घरी निघाली. टँकरचा आवाज कोपऱ्यावर आलेला होता. त्या दुष्काळात टँकर दारात असताना रिकामी घागर घेऊन परत जाणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. ऊन लागलं असंल म्हातारीला, आई म्हणाली. 

आमच्याकडं जुन्या माणसांचं वय ॲक्शनपासून मोजतात. ॲक्शनच्या साली मी पाळण्यात होतो, ॲक्शनच्या आदल्या वर्षी ही विहीर खणली, ॲक्शन झाली आन् आजा वारला. निजामाचं राज्य संपवायला भारताची फौज आली, ती ही पोलीस ॲक्शन. लहान असताना मला ते पटकीसारख्या साथीचं नाव वाटायचं. आमच्या घरात मात्र तो शब्द आनंदाचा होता. आई तेव्हा अगदी लहान पोर. निजामाच्या रझाकारांच्या भीतीनं तिची सगळी वाडी ज्वारीच्या रानात लपून बसायची, आणि लेकरांनी रडू नये म्हणून बाया त्यांच्या तोंडावर हात दाबून धरायच्या. मग फौज आली, आणि तिच्या आजीनं रस्त्यावर जाऊन एका जवानाला ओवाळलं. आई हे दर वेळी हात ओवाळून दाखवत सांगायची. दादा हे ऐकतच मोठा झाला आणि हे ऐकतच भरतीला गेला. फौज येते ती सोडवायला, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

पावसाळा कोरडाच गेला आणि रेडिओवरचे शब्द बदलले. आधी चकमक आली, मग सुरुंग आले, मग वीरमरण आलं. ज्यांना वाचवायला पोरं गेली होती, त्या तमिळांमधल्याच बंदूकवाल्यांशी लढाई पेटली होती. आई वडिलांना विचारायची, ज्यांच्यासाठी गेले तेच कशापायी मारून राहिलेत? वडिलांकडं प्रत्येक गोष्टीला कचेरीतलं एकच उत्तर होतं, वरून आदेश असतील. एरवी या उत्तरावर आई त्यांना फाडून खायची. आता ती नुसती मान हलवायची.

तेव्हापासून आमच्या घराची पाचावर धारण बसली ती बसलीच. आई दारात बसेनाशी झाली. तारवाला गल्लीत वळला की आधी दारात बसलेल्या माणसाकडं बघतो, असं तिच्या मनानं घेतलं होतं. दारात कुणी दिसलंच नाही तर तो पुढच्या घराकडं जाईल. मी तिला वेड्यात काढायचे. आणि स्वतः कॉलेजात, शिपाई नोटीस घेऊन वर्गात शिरला की बाकाची कड घट्ट धरून बसायचे. त्यानं सुट्टीची नोटीस वाचली तरी माझे हात बराच वेळ गार असायचे. दादाची कार्डं यायची, मी खुशाल आहे, काळजी नसावी. पण ते कार्ड आमच्या हातात पडेपर्यंत इतके दिवस गेलेले असत, की लिहिताना खुशाल असलेला माणूस वाचताना खुशाल आहे की नाही, ते कोण सांगणार?

मला आणखी एक भीती होती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती. वर्तमानपत्रात एकदा तिथला फोटो आला होता. एका घराच्या दारात जवान उभा, पाठमोरा, आणि त्याच्यासमोर हात जोडलेली एक म्हातारी. जवानाचा चेहरा दिसत नव्हता. मी तो कागद खिडकीपाशी नेऊन त्याची मान, त्याचे कान, उभं राहायची ढब बघत बसले. तो दादा नसावा असं मला फार वाटत होतं. दादा परत यायला हवा होता, आणि तो फोटोतला नसायलाही हवा होता. दोन्ही एकदम मागणं जास्त होतंय का, याचीही मला भीती वाटायची.

अशात आमच्या सरांनी मला वादविवादाच्या संघात घेतलं. नांदेडला कॉलेजांची स्पर्धा होती, फिरता करंडक होता, आणि विषय होता: शेजारी देशातल्या पीडित जनतेच्या रक्षणासाठी भारतानं सैन्य पाठवणं योग्य आहे काय. एकेका कॉलेजचे दोघं जायचे, एकानं अनुकूल बोलायचं, दुसऱ्यानं प्रतिकूल. सरांनी मला अनुकूल बाजू दिली. तुझा भाऊच तिथं आहे, नुसतं तेवढं बोललीस तरी सभागृह हलेल, असं ते म्हणाले. मी विचारलं, सर, भावाला गोळी लागली तर गुण वाढवून मिळतील का? सरांनी बाजू काही बदलली नाही.

खरं म्हणजे मला तीच बाजू हवी होती. दादा योग्य ठिकाणी आहे, योग्य कामासाठी आहे, हे चारचौघांत मोठ्यानं बोलायला मिळालं तर माझी भीती उतरेल असं वाटत होतं. मी मुद्दे काढायला बसले. सगळ्यात भक्कम मुद्दा तर घरातच होता, ॲक्शनचा. आईचं सांगणं पाठ होतं, पण ती तेव्हा लहान. कुणीतरी कळत्या वयात पाहिलेलं सांगायला हवं, म्हणून मी खालाकडं गेले.

ती उंबऱ्यात बसून तूर निवडत होती. मी विचारलं, खाला, ॲक्शनमध्ये फौज आली तेव्हा तुम्ही कुठं होता? तिचा सुपातला हात थांबला नाही. तिचं सासर औशाकडचं एक गाव. नवीन लग्न होऊन आलेली. गावात बातमी आली, पोलीस येणार. काही घरं म्हणाली, निघून जाऊ. तिचे सासरे म्हणाले, पोलीसच ना? पोलीस येतात, विचारतात, लिहून घेतात, चहा पिऊन जातात. आपण कुणाचं वाकडं केलंय? त्या पोलीस शब्दावर भरवसा ठेवून त्यांचं घर थांबलं. आली ती फौज, मोठाल्या गाड्या आणि गावभर धुरळा. एका जवानानं तिच्याकडं पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर लोटा पालथा करून नीट परत दिला. तो लोटा कसा धरला होता तेसुद्धा तिनं मला हातानं दाखवलं.

"फौज तो अच्छीच थी," ती म्हणाली. "फौज आगे गई ना, पीछे से जो आए, वो बाजू के गाँव के थे. पहचान के थे. ससुर बाहर गए समझाने कू. फिर नईं आए."

एवढं बोलून तिनं सूप पाखडलं आणि खडे बाजूला काढले. मी वही आणली होती, ती मी उघडलीच नव्हती. घरी येऊन मी आईला म्हणाले, रझाकारांचा सूड यांच्यावर काढला, तुला हे ठाऊक होतं? आई म्हणाली, हाव. मग इतकी वर्षं दोघी एका रांगेत उभ्या राहता, कधी बोलला नाहीत? आई माझ्यावरच चिडली. "पाण्याच्या रांगेत काय बोलावं याची रीत असती," ती म्हणाली. "तिची ॲक्शन तिच्यापाशी, माझी माझ्यापाशी. पाणी दोघींना लागतं." फोटोतला जवान मला आता आणखीच वाईट दिसायला लागला होता, आणि त्याच्या मागं, फोटोच्या बाहेर, कोण उभं असेल हाही विचार यायला लागला होता.

नांदेडला एसटीनं गेलो. मी, माझा प्रतिकूलवाला जोडीदार आणि सर. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, दोन्ही बाजूंनी नुसती करपलेली रानं. विष्णुपुरीच्या पुढं नदी आली आणि अख्खी बस खिडक्यांकडं झुकली. गोदावरीला पाणी होतं. आमच्या डोळ्यांना त्या वर्षी घागरीपेक्षा मोठं पाणी दिसलंच नव्हतं. सगळे खूश झाले आणि माझ्या मनात आलं, दादा तर समुद्र ओलांडून गेलाय. समुद्र मी पाहिलेला नव्हता. ही नदी एवढी, तर तो केवढा असेल, आणि त्याच्या पलीकडून कुणाला हाक तरी कशी ऐकू यायची? मी डोळे मिटून घेतले ते पूल संपल्यावरच उघडले.

सभागृह भरलेलं होतं. मी बरी बोलले. जगात मोठी राष्ट्रं आहेत आणि छोटी आहेत, आपण मधले आहोत, असं म्हणून मी जावांचं उदाहरण दिलं. थोरली जाऊ शेजारच्या भांडणात पडली तर दागिन्यांवर डोळा ठेवूनच पडते. धाकटीचं कुणी ऐकत नाही. शेजारच्या घरात बाई ओरडत असेल तर मधलीनंच पदर खोचून गेलं पाहिजे. तिला घरचं कामही माहीत असतं आणि मार खाणंही. टाळ्या पडल्या. मग मी आईची गोष्ट सांगितली, ज्वारीच्या रानाची, लेकरांच्या तोंडावरच्या हातांची. फौज आली नसती तर मी इथं बोलायला उभी नसते, असं म्हणाले, आणि ते मला मनापासून वाटत होतं. भाऊ तिथं आहे हे मात्र मी बोलले नाही. बोललं की काहीतरी होईल असं वाटत होतं. सर पहिल्या रांगेतून खुणा करत होते, मी तिकडं बघणं टाळलं.

प्रतिकूल बाजूला नांदेडचाच एक मुलगा होता, अंगानं काटकुळा, पण जिभेनं भारी. तो म्हणाला, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. ज्यांच्या लातूरला टँकर आल्याशिवाय तोंड धुता येत नाही, ते समुद्रापलीकडं शांती वाटायला निघालेत. सभागृह हसलं. मधली जाऊ भांडण सोडवायला जाते खरी, तो म्हणाला, पण मग ती त्या घरातून निघते कधी? आणि निघाली की त्या बाईला दुप्पट मार पडतो, तेव्हा मधली कुठं असते? मग त्यानं थेट माझ्याकडं वळून विचारलं, "तुमच्या आईच्या गावात फौज आली, ती सगळ्यांनी बोलावली होती?"

नियमाप्रमाणे मला उत्तर द्यायचं होतं. तयार उत्तर होतं माझ्याकडं: ती जमीन आपलीच होती, तो परदेश नव्हताच. ते ओठांवर आलं आणि मला सुपातला हात दिसला. मी म्हणाले, "अर्ध्यांनी." लोक पुन्हा हसले. तो म्हणाला, आणि बाकीचे? मी म्हणाले, "बाकीचे आमच्या शेजारी राहतात." आता कुणी हसलं नाही. मला गप्प बसायला हवं होतं, पण मी बोलतच राहिले. मी अनुकूलच आहे, बाई ओरडत असेल तर गेलंच पाहिजे. पण फौज पुढं गेल्यावर मागं कोण राहणार ते आधी सांगा आणि मग पाठवा. आणि जो जवान दारात उभा राहणार आहे, त्याला आतल्या बाईचं बोलणं समजतं का, तेही विचारा. आवाज चढला होता. घंटा झाली. परीक्षकांनी निकाल सांगताना म्हटलं की लातूरच्या विद्यार्थिनीला आपली बाजू शेवटपर्यंत ठरवता आली नाही. बरोबरच होतं ते. मला ती आजही ठरवता येत नाही. टीव्हीवर कुठल्याशा देशानं कुठं फौज पाठवावी यावर माणसं आवेशानं बोलायला लागली की मी उठून आत जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरच्या स्टँडवर उतरले आणि समोर वडील. खाकी कपड्यांत, कचेरीच्या वेळेत. वडील कधी मला घ्यायला स्टँडवर आले नव्हते. रजा मागायची म्हणजे त्यांना साहेबापेक्षा स्वतःचीच लाज वाटायची. त्यांचा चेहरा ओढलेला होता. ते म्हणाले, "दादाला आणलंय."

जिवंत माणूस येतो. आणतात ते मढं. आमच्या बोलीत तरी असंच आहे. मी पिशवीसकट तिथंच फलाटावर बसले. कानात नुसता बसच्या इंजिनाचा आवाज. वडील खाली वाकून काहीतरी बोलत होते ते मला कळायला फार वेळ लागला. दादा जिता होता. पोटरीत सुरुंगाचे तुकडे घुसले होते, पुण्याला दवाखान्यात होता, आणि चालायला जमत नव्हतं म्हणून त्याच्या पलटणीतल्या एका सोबत्यानं गाडीत घालून घरी आणून सोडला होता. म्हणून आणलंय. मग मात्र मी भर स्टँडवर वडिलांवर इतकी ओरडले की ऊस घेऊन चाललेला हमालसुद्धा थांबला. वडील ऐकून घेत राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं असावं आपण काय बोललो ते, कारण त्यांनी टोपी काढून डोळे पुसले.

दादा घरी होता आणि जिवंत होता. मला वाटलं भीती गेली. पण तो भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसायचा. माणसं भेटायला यायची, सोन्याच्या विटा पाहिल्यास का विचारायची, तो हसायचा आणि सांगायचा की पहिल्या दिवशी हार घातले, शहाळी दिली, पोरं गाडीमागं पळाली. पुढं काय झालं असं कुणी विचारलं की पाय दुखतोय म्हणायचा. मी एकदा त्याला सरळ विचारलं, जायला हवं होतं का आपण? तो म्हणाला, "न्हाई गेलं तर म्हणतेत, का आला न्हाईत. गेलं तर म्हणतेत, कधी जाणार. तूच सांग. तू लई भाषणं करतीस." त्यात चेष्टा होती, पण तो माझ्याकडं उत्तराच्या आशेनं बघत होता. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

सगळी गल्ली येऊन गेली, खाला आली नाही. आईच्या मनाला ते फार लागलं. मग कळलं की ती तापानं पडून आहे. त्या दिवशी टँकर आला तेव्हा आईनं आपल्या घागरीबरोबर तिचीही भरली. दादा एव्हाना थोडं चालायला लागला होता. तो म्हणाला, खालाची मी नेतो. आई नको म्हणाली, त्यानं ऐकलं नाही. पाय मुरगळू नये म्हणून डॉक्टरांनी त्याला बूट घालूनच चालायला सांगितलं होतं, ते पलटणीतले जड बूट. त्यानं घागर खांद्यावर घेतली आणि लंगडत निघाला. मी मागून चालले होते, तो पडला तर धरायला.

खालाचं दार नुसतं लोटलेलं होतं. दादा ओट्यावर चढला. फरशीवर बूट वाजले, एक जोरात, एक फरपटत. त्यानं दाराला हात लावायच्या आधीच आतून आवाज आला. बारीक, पोरीसारखा. तो खालाचा आहे हे मला पटकन कळलंही नाही.

"घर में मर्द कोई नईं है जी."

दादा थांबला. आतून पुन्हा तेच, आणखी बारीक. "कोई नईं है. मर्द कोई नईं."

घागरीतलं पाणी हिंदकळून त्याच्या खांद्यावरून खाली येत होतं, तरी तो हलला नाही. मीच ओरडले, खाला, दादा आहे, आपला दादा. मग दार उघडलं. ती भिंतीला धरून उभी होती, चेहरा तापानं लाल. तिनं दादाला पाहिलं, बूट पाहिले, पुन्हा चेहरा पाहिला, आणि मग त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली की तापात कायबाय बडबडत होते बेटा, मनाला लावून नको घेऊ. किती वाळलास म्हणाली. दादानं घागर आत नेऊन ठेवली, तिच्या पाया पडला, हसून बोललाही. मी आपली बघत उभी होते. ती भाकरीचं विचारत होती आणि तिची नजर पुन्हा पुन्हा बुटांकडं जात होती.

परत येताना दोन घरांच्या मधे, भिंतीपाशी तो थांबला. मला वाटलं पाय दुखला.

"तिथं दारावर थाप मारायच्या आदीच आतनं बाया त्यांच्या तमिळमधी बोलायच्या," तो म्हणाला. "आंबळै इल्लै, आंबळै इल्लै. समद्या घरात तेच."

आईचं माहेर निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर. तिच्या तोंडात अधूनमधून कानडी यायची, आणि इल्ला म्हणजे नाही हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक.

"आईमुळं तेवढं कळायचं," दादा म्हणाला. "कायतरी न्हाई म्हणून राहिल्यात. पण काय न्हाई? आम्हाला वाटायचं, बंदुका न्हाईत म्हणतेत. न्हाईतर खायला न्हाई. आम्ही आपलं म्हणायचो, भिऊ नका माय, वाचवायला आलोय. आन् दार ढकलायचो."

तो खालाच्या दाराकडं बघत होता. तिनं ते पुन्हा लोटून घेतलं होतं.

"काय न्हाई ते आत्ता खालाकडनं कळलं," तो म्हणाला.

मी त्याचा दंड धरला. पाय बरा झाला की त्याला परत तिथंच जायचं होतं.